विश्वचषकाचे दार : तेरा संघांची स्पर्धा अठ्ठेचाळीस संघांची कशी झाली

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांकडे यजमानपद असलेल्या २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ ऐवजी ४८ संघ घ्यायचे ठरले, तेव्हापासून दोन प्रश्न सतत कानावर येत आहेत. हा खेळ नियमित पाहणारे विचारतात, की एवढे संघ घेतल्यावर स्पर्धेचा दर्जा राहील का? चार वर्षांतून एकदाच फुटबॉलकडे वळणाऱ्यांचा प्रश्न मात्र अधिक मुळाशी जाणारा असतो. बावीस जण दीड तास एका चेंडूमागे धावतात, त्यात कधी एकच गोल होतो, कधी तोही होत नाही, आणि तरीही जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशात लोक या सामन्यांसाठी रात्र रात्र जागतात, हे घडते कसे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात सापडतात, असे मला वाटते. हा इतिहास जितका मैदानावरच्या खेळाडूंचा आहे, तितकाच स्पर्धेच्या दाराशी उभे राहून आत येण्याचा हक्क मागणाऱ्यांचा आहे.

आधी एक नियमपुस्तक लागले

दोन देशांनी एकमेकांशी खेळायचे, तर दोघांचे नियम एक असावे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्येसुद्धा तसे नव्हते. एका शाळेत चेंडू हाताने धरून पळता येत असे, दुसरीत हात लावणेच निषिद्ध होते. एकच भाषा वेगवेगळ्या व्याकरणाने बोलणाऱ्यांसारखी ही अवस्था होती. १८६३ मध्ये लंडनमध्ये काही क्लब एकत्र आले, त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली आणि समान नियम लिहून काढले. त्यानंतर नऊ वर्षांनी, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, ग्लासगोमधील एका क्रिकेटच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. सुमारे ४,००० प्रेक्षकांसमोर तो एकही गोल न होता बरोबरीत सुटला.

नियम बदलण्याचा अधिकार आजही एका छोट्या मंडळाकडे आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना प्रत्येकी एक मत आहे आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने फिफाला चार मते आहेत. कोणताही बदल करायचा, तर आठपैकी सहा मते लागतात. फिफा ही राष्ट्रीय फुटबॉल संघटनांची जागतिक संघटना. ती १९०४ मध्ये पॅरिसमध्ये युरोपातल्या सात देशांनी स्थापन केली आणि आज तिचे २११ सदस्य आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य मात्र १९३ आहेत. हा फरक पाहून अनेकजण बुचकळ्यात पडतात. फुटबॉलमध्ये सदस्यत्व राष्ट्रीय संघटनेला मिळते आणि तिचा प्रदेश सार्वभौम देश असलाच पाहिजे, अशी अट पूर्वीपासून नव्हती, हे त्याचे कारण. त्यामुळे ब्रिटनचे चार भाग चार संघ म्हणून खेळतात आणि हाँगकाँग, फेरो बेटे किंवा पोर्तो रिको यांचाही स्वतंत्र संघ असतो.

या २११ सदस्यांची सहा गटांत विभागणी आहे. प्रत्येक गटाला महासंघ म्हणतात आणि तो साधारणपणे एका खंडाचा कारभार पाहतो. सदस्यसंख्या युरोपच्या महासंघाची ५५, आफ्रिकेच्या महासंघाची ५४, तर दक्षिण अमेरिकेच्या महासंघाची अवघी १० आहे. हे आकडे ध्यानात ठेवले, तर पुढचे बरेचसे राजकारण आपोआप उलगडत जाते.

ऑलिम्पिक पुरेसे का पडले नाही

विश्वचषकापूर्वी देशोदेशींचे संघ भेटत, ते ऑलिम्पिकमध्ये. १९०८ पासून तिथे फुटबॉल पद्धतशीरपणे खेळला जाऊ लागला. दक्षिण अमेरिकेने तर १९१६ मध्येच स्वतःची स्पर्धा सुरू केली होती. तिलाच आज कोपा अमेरिका म्हणतात आणि सध्या चालू असलेल्या खंडीय स्पर्धांमध्ये ती सर्वांत जुनी आहे. तिचा पहिला विजेता होता उरुग्वे. याच छोट्या देशाने १९२४ मध्ये पॅरिसला आणि १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकून युरोपला चकित केले.

ऑलिम्पिकची अडचण होती ती हौशी खेळाडूंच्या अटीची. हौशी म्हणजे खेळण्याबद्दल मोबदला न घेणारा. ऐकायला ही अट उदात्त वाटते, पण ती पाळणे परवडायचे कोणाला? कामगाराने महिनाभर खेळायला जायचे, तर त्याची मजुरी बुडणार, आणि ती भरून दिली, तर तो हौशी राहणार नाही. फुटबॉल तर तोवर गिरणी-कारखान्यांतल्या माणसांचा खेळ झालेला होता. फिफाचे फ्रेंच अध्यक्ष ज्युल्स रिमे यांना सर्वांसाठी खुली अशी स्वतंत्र स्पर्धा हवी होती. १९२८ मध्ये फिफाने तसा ठराव केला. म्हणजे विश्वचषकाचा जन्मच मुळी एका बंद दाराला पर्याय शोधताना झाला.

१९३० : एक जहाज, दोन चेंडू

पहिले यजमानपद उरुग्वेला मिळाले. त्या वर्षी त्यांच्या राज्यघटनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि पाहुण्या संघांचा प्रवास व मुक्काम यांचा खर्च उचलण्याची त्यांची तयारी होती. तरीही युरोपातले बहुतेक देश येईनात. अटलांटिक ओलांडायला जहाजाने दोन आठवडे लागत, स्पर्धा आणि परतीचा प्रवास धरला तर दोन महिने मोडत, आणि एवढा काळ खेळाडूंना सोडायला क्लब राजी नव्हते. अखेर फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच युरोपीय संघ गेले. त्यांपैकी पहिले तिघे ‘कोंते वेर्दे’ या एकाच जहाजावर होते. त्याच जहाजावर रिमेही होते आणि त्यांच्या सामानात विजेत्याला द्यायचा चषक होता. प्रतिस्पर्धी संघ एकाच डेकवर व्यायाम करीत समुद्र ओलांडत होते. वाटेत रिओला ब्राझीलचा संघही त्याच जहाजावर चढला.

पात्रता फेरी, म्हणजे मुख्य स्पर्धेत येण्यासाठी आधी खेळावे लागणारे सामने, त्या वर्षी नव्हतीच. जे १३ संघ आले, ते खेळले. शतकमहोत्सवाच्या नावाने बांधायला घेतलेले सेंतेनारियो मैदान वेळेत पुरे झाले नाही, त्यामुळे १३ जुलैचे पहिले सामने माँटेव्हिडिओतल्या लहान मैदानांवर झाले आणि मुख्य मैदान १८ जुलैला खुले झाले.

३० जुलैच्या अंतिम सामन्यात उरुग्वेसमोर अर्जेंटिना उभा होता. रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन तीरांवरचे हे शेजारी, आणि वाद उपस्थित झाला तो चेंडूवरून. तेव्हाचा चेंडू कातड्याच्या पट्ट्या शिवून, आत फुगा घालून केलेला असे. प्रत्येकाची शिवण, वजन आणि उसळी वेगळी. कोणाच्या चेंडूने खेळायचे, यावर एकमत होईना. बेल्जियमचे पंच जॉन लांगेनस यांनी तोडगा काढला, की पहिला अर्धा भाग अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूने खेळावा. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. दुसऱ्या भागात उरुग्वेने तीन गोल केले आणि सामना ४-२ असा जिंकला. शेवटचा गोल एक्तोर कास्त्रो यांचा होता. लहानपणी करवतीच्या अपघातात त्यांचा उजवा हात कोपराखाली तुटलेला होता. चेंडूमुळे निकाल फिरला, असे मी म्हणणार नाही. पण एका जागतिक स्पर्धेला कोणत्या किमान गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात, ते त्या दुपारइतके स्वच्छ क्वचितच दिसले असेल. आज प्रत्येक विश्वचषकासाठी एकच अधिकृत चेंडू ठरवला जातो.

दार कोणासाठी उघडे होते?

पहिल्या काही स्पर्धांना ‘विश्व’ हे विशेषण शोभत नव्हते. १९३४ मध्ये इटलीत स्पर्धा झाली, तेव्हा युरोपीय संघांनी चार वर्षांपूर्वी पाठ फिरवली याच्या रागाने उरुग्वेने बहिष्कार टाकला. विजेत्याने पुढच्या स्पर्धेत भागच घेतला नाही, असे त्यानंतर कधी घडलेले नाही. त्या वर्षी इजिप्त हा आफ्रिकेतून आलेला पहिला संघ ठरला, आणि १९३८ मध्ये आशियातून आलेला पहिला संघ होता डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. तो वसाहतीच्या नावाने खेळला, हेच त्या काळाविषयी पुरेसे बोलके आहे. महायुद्धामुळे १९४२ आणि १९४६ च्या स्पर्धा झाल्या नाहीत. १९५० च्या ब्राझीलमधील स्पर्धेसाठी भारताला प्रवेश मिळाला होता, पण संघ गेला नाही. अनवाणी खेळायला मनाई झाल्यामुळे माघार घेतली, ही लोकप्रिय गोष्ट पूर्ण खरी मानता येत नाही. लांबचा प्रवास, सरावाला अपुरा वेळ आणि ऑलिम्पिकला दिलेले झुकते माप ही कारणे त्यामागे होती.

पन्नाशीच्या दशकात आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांनी आपापले महासंघ आणि आपापल्या स्पर्धा उभ्या केल्या. पहिला आशियाई चषक १९५६ मध्ये हाँगकाँगला झाला आणि पहिला आफ्रिकी चषक १९५७ मध्ये सुदानला. आफ्रिकेच्या त्या स्पर्धेत इजिप्त, सुदान आणि इथिओपिया हे तीनच संघ खेळले. चौथा संघ दक्षिण आफ्रिकेचा असणार होता. मात्र वर्णभेदाच्या धोरणामुळे कृष्णवर्णीय आणि गोरे खेळाडू एकाच संघात पाठवायला त्याची तयारी नव्हती, आणि इतरांनी त्याला वगळले. राष्ट्रीय संघात कोणाला जागा आहे, हा प्रश्न आफ्रिकेने पहिल्याच स्पर्धेत इतका ठामपणे विचारला, याचे महत्त्व फुटबॉलच्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही.

याच ठामपणाचा दुसरा टप्पा १९६६ चा. इंग्लंडमधल्या त्या विश्वचषकाला १६ जागा होत्या. त्यांतल्या १० युरोपला, ४ दक्षिण अमेरिकेला आणि १ उत्तर व मध्य अमेरिकेला दिलेली होती. उरलेली एक जागा आफ्रिका, आशिया आणि ओशेनिया या तिघांना मिळून. रेल्वे स्थानकावर तीन लांब रांगा लागलेल्या असाव्यात आणि तिकीट मात्र एकच शिल्लक असावे, तसा हा प्रकार होता. वसाहतवादातून नुकतेच सुटलेले अनेक आफ्रिकी देश तोवर फिफाचे सदस्य झालेले होते. घानाने पुढाकार घेतला. त्यांचा संघ १९६३ आणि १९६५ असा लागोपाठ दोनदा आफ्रिकेचा विजेता होता आणि त्यांचे राष्ट्रप्रमुख क्वामे एन्क्रुमा यांचा बहिष्काराला पाठिंबा होता. आफ्रिकेतल्या सर्व संघांनी पात्रता फेरीतून अंग काढून घेतले.

ती एक जागा उत्तर कोरियाला मिळाली. ऑस्ट्रेलियाला हरवून आलेल्या या अनोळखी संघाने मिडल्सब्रोमध्ये बलाढ्य इटलीला १-० असे घरी पाठवले, आणि उपांत्यपूर्व सामन्यात तर पोर्तुगालविरुद्ध तीन गोलांची आघाडी घेतली. तो सामना पोर्तुगालने ५-३ असा फिरवला, त्यात चार गोल एकट्या युसेबियोचे होते. त्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे ९ गोल करणारा हा खेळाडू पोर्तुगालची वसाहत असलेल्या मोझांबिकमध्ये जन्मलेला. ज्या स्पर्धेत आफ्रिकेचा एकही संघ नव्हता, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम गोलकर्ता आफ्रिकेचाच मुलगा होता. दर्जा नाही म्हणून जागा नाही, हा युक्तिवाद किती पोकळ होता, हे सांगायला दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

बहिष्काराचा परिणाम झाला. १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को खेळला. १९७८ मध्ये ट्युनिशियाने मेक्सिकोला हरवून आफ्रिकेचा पहिला विजय नोंदवला, १९९० मध्ये कॅमेरूनने सलामीलाच विद्यमान विजेत्या अर्जेंटिनाला नमवले, आणि २०२२ मध्ये मोरोक्को उपांत्य फेरीत पोहोचला.

चेंडूवर काळे तुकडे का आले

फुटबॉलचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक जण पांढरा चेंडू आणि त्यावर काळे पंचकोन काढतात. हे रूप विश्वचषकात १९७० साली आले. २० पांढरे षट्कोन आणि १२ काळे पंचकोन असे ३२ तुकडे शिवून केलेल्या त्या चेंडूचे नाव होते टेलस्टार, म्हणजे दूरचित्रवाणीचा तारा. त्या काळी बहुतेक घरांतले संच कृष्णधवल होते आणि एकरंगी चेंडू पडद्यावर हरवून जाई. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांमुळे तो गवतावर उठून दिसे आणि फिरतानाही कळे. मैदानावरची वस्तू घरबसल्या पाहणाऱ्यासाठी घडवली गेली, इतके त्याचे वजन वाढले होते.

विश्वचषकाचे सामने दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा दिसले ते १९५४ मध्ये, युरोपातल्या काही देशांत. १९७० ची मेक्सिकोतील स्पर्धा उपग्रहामार्फत आणि रंगीतही दिसली. युरोपातल्या प्रेक्षकांना सोयीच्या वेळी पाहता यावे, म्हणून काही सामने मेक्सिकोच्या भर दुपारच्या उन्हात खेळवले गेले. लोकप्रियतेची किंमत तेव्हापासून खेळाडू मोजत आहेत. १९७४ मध्ये ब्राझीलचे झुवाव आव्हेलांज फिफाचे अध्यक्ष झाले, ते आशिया आणि आफ्रिकेला अधिक जागा देण्याचे आश्वासन देऊन. अध्यक्षाच्या निवडणुकीत प्रत्येक सदस्याला एक मत असते, त्यामुळे नव्या देशांची मते निर्णायक ठरली. १९८२ मध्ये संघ २४ झाले, १९९८ मध्ये ३२. समान प्रतिनिधित्वाची मागणी, मतांचे गणित आणि प्रक्षेपणाचा पैसा हे तिन्ही प्रवाह इथे एकत्र मिसळले आणि पुन्हा वेगळे झाले नाहीत.

अब्जावधी प्रेक्षक, हे आकडे खरे असतात का?

२०२२ चा अंतिम सामना सुमारे दीड अब्ज लोकांनी पाहिला, असे फिफा सांगते. हा आकडा वाचताना मोजण्याची पद्धत ध्यानात घ्यावी लागते. दुकानात दिवसभरात किती जण डोकावून गेले, ही एक संख्या असते आणि कोणत्याही एका क्षणी दुकानात सरासरी किती जण होते, ही दुसरी. पहिली नेहमीच मोठी भरते आणि जाहीर होणारे आकडे बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. तेव्हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. पण तो बराच कमी धरला, तरी एकाच वेळी इतकी माणसे एकच दृश्य पाहत आहेत, असे प्रसंग पृथ्वीवर फारच थोडे उरतात.

क्लबांचा खेळ सरस, मग देशांचे सामने कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. मोठे क्लब जगभरातून हवे ते खेळाडू विकत घेतात, त्यांच्याकडून वर्षभर एकत्र सराव करून घेतात, म्हणून त्यांचा खेळ अधिक घोटीव असतो. राष्ट्रीय संघ वर्षातून काही दिवसच एकत्र येतात. पण राष्ट्रीय संघाची ओढ नेमकी या मर्यादेतून निर्माण होते, कारण खेळाडू विकत घेता येत नाही. प्रशिक्षकाकडे चांगला गोलरक्षक नसेल, तर जो आहे त्याच्यावरच भागवावे लागते. घरात असलेल्या जिन्नसांतूनच स्वयंपाक करायचा, बाजारात जायचे नाही, असा हा नियम आहे.

नागरिकत्वाच्या या नियमालाही इतिहास आहे. पूर्वी तो इतका सैल होता, की आल्फ्रेदो दि स्तेफानो अर्जेंटिना आणि स्पेन या दोघांकडून खेळले. पुढे नियम कडक झाले. तरी माणसे स्थलांतर करतात, त्यांची मुले दोन देशांची असतात, आणि २०२२ च्या मोरोक्कोच्या २६ जणांच्या संघातले १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. वसाहतीतला मुलगा राज्यकर्त्या देशाकडून खेळतो, हे युसेबियोच्या काळातले चित्र इथे उलटे झालेले दिसते.

दुसरे कारण खेळाच्या घडणीतच आहे. शंभरात साठ वेळा छापा पडेल, असे एक नाणे कल्पावे. ते शंभर वेळा उडवले, तर छापे जास्त भरणार, हे जवळजवळ नक्की. पण तीनदाच उडवले, तर काटे जास्त पडण्याची शक्यता तीनात एक एवढी मोठी असते. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात डझनावारी बास्केट होतात, म्हणून तिथे सरस संघ सहसा जिंकतोच. फुटबॉलमध्ये दोन-तीन गोलांवर निकाल लागतो, म्हणून दुबळ्याला खरीखुरी संधी असते. १९५० मध्ये अमेरिकेच्या संघाने इंग्लंडला १-० असे हरवले. २०२२ मध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले आणि तोच अर्जेंटिना पुढे विश्वविजेता झाला. १९९२ च्या युरोपीय स्पर्धेत डेन्मार्कचा संघ पात्रच ठरला नव्हता. निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाला वगळले गेले, तेव्हा स्पर्धा तोंडावर असताना त्याला बोलावणे आले, आणि त्याने ती जिंकली. गोल कमी होतात, ही तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सामन्याच्या शेवटच्या मिनिटापर्यंत श्वास रोखून धरायला लावणारी अनिश्चितता त्या कमतरतेतूनच येते.

यावर कोणी म्हणेल, की संधी सर्वांना असेल, तर तेच तेच देश का जिंकतात? २०२२ पर्यंतच्या २२ पुरुष विश्वचषकांचे विजेते फक्त आठ आहेत, ब्राझील पाच वेळा, जर्मनी आणि इटली प्रत्येकी चार वेळा, अर्जेंटिना तीन वेळा, फ्रान्स आणि उरुग्वे प्रत्येकी दोन वेळा, इंग्लंड आणि स्पेन एकेकदा. एक सामना नशिबाने जिंकता येतो, पण लागोपाठ सात सामन्यांत नशीब साथ देत नाही. त्यासाठी लहान वयापासूनचे प्रशिक्षण, भक्कम लीग आणि पिढ्यांचा अनुभव लागतो. म्हणून आश्चर्याचे धक्के सुरुवातीच्या फेऱ्यांत बसतात आणि चषक बहुधा जुन्याच घरांत जातो.

महिलांसाठी दार बंदच होते

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे कारण देऊन, आपल्या क्लबांच्या मैदानांवर त्यांना खेळायला बंदी घातली. ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. महिलांचा फुटबॉल लोकप्रिय नाही म्हणून मागे पडला, असे जे सांगितले जाते, त्याला हा एक सामना पुरेसे उत्तर आहे. १९७१ मध्ये मेक्सिकोत फिफाची मान्यता नसलेली महिलांची जागतिक स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमानांना हरवले तेव्हा अॅझ्टेका मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक होते. तरीही अधिकृत स्पर्धेला आणखी वीस वर्षे लागली. १९८६ च्या फिफा अधिवेशनात नॉर्वेच्या प्रतिनिधी एलेन विले यांनी व्यासपीठावरून जाहीर मागणी केली आणि १९९१ मध्ये चीनमध्ये १२ संघांची पहिली स्पर्धा झाली. तिथले सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे ठेवलेले होते, जणू पूर्ण वेळ खेळणे स्त्रियांना झेपणार नाही. २०२३ पर्यंत या स्पर्धेतले संघ ३२ झाले आणि त्या वर्षी स्पेनने ती जिंकली.

पैसा आणि यजमानपद

२०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न साडेसातशे कोटी डॉलरांहून अधिक होते आणि त्याचा सर्वांत मोठा हिस्सा प्रक्षेपणाच्या हक्कांतून आला. एवढा पैसा जिथे असतो, तिथे तो वाटणाऱ्यांवर डोळा ठेवावा लागतो. २०१८ आणि २०२२ चे यजमान डिसेंबर २०१० मध्ये कार्यकारी समितीच्या अवघ्या २२ जणांनी ठरवले. २०१५ मध्ये झुरिकच्या एका हॉटेलात पहाटे फिफाच्या पदाधिकाऱ्यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून अटक झाली, आणि विश्वचषकाचा यजमान ठरवण्याचा निर्णय आता सर्व सदस्यांच्या अधिवेशनाकडे आहे. २०२२ च्या यजमान कतारमध्ये मैदाने आणि रस्ते बांधणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या हालांवरही बराच काळ टीका झाली. स्पर्धेवर प्रेम करणाऱ्यांनी हा भाग झाकून ठेवू नये. ज्यांच्या श्रमावर मैदान उभे राहते, त्यांचा या खेळाशी तिकीट काढून आलेल्यांपेक्षा अधिक जवळचा संबंध आहे.

४८ संघांनी काय बदलते

नव्या रचनेत युरोपला १६ जागा, आफ्रिकेला ९, आशियाला ८, दोन्ही अमेरिकांना प्रत्येकी ६ आणि ओशेनियाला १ जागा आहे, तर उरलेल्या दोन जागा अखेरच्या पात्रता सामन्यांतून भरायच्या. १९६६ च्या त्या एका सामाईक जागेशेजारी आफ्रिका आणि आशियाच्या या सतरा जागा ठेवून पाहाव्यात. केप व्हर्दे, जॉर्डन, उझबेकिस्तान आणि कुरासाव या चार देशांनी याच वेळी पहिल्यांदा पात्रता मिळवली. कुरासावची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास आहे आणि पुरुषांच्या विश्वचषकाला पात्र ठरलेला तो सर्वांत लहान देश आहे. दर्जा घसरेल, ही भीती २४ आणि ३२ संघांच्या वेळीही व्यक्त झाली होती, आणि कॅमेरून, सेनेगल, मोरोक्को यांनी तिला मैदानावरच उत्तर दिले. त्यामुळे या आक्षेपाला मी फारसे वजन देत नाही.

खेळाडूंवरच्या ताणाचा आक्षेप मात्र खरा आहे. सामने ६४ वरून १०४ होतात आणि विजेत्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात.

माझ्या मते त्याहून गंभीर प्रश्न स्पर्धेच्या गणिताचा आहे. सुरुवातीला चार-चार संघांचे गट असतात आणि गटातला प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी खेळतो, ही साखळी फेरी. त्यानंतर हरला तो बाहेर, ही बाद फेरी. १९८२ मध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून खळबळ उडवली होती. गटातला शेवटचा सामना पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात स्पेनमधल्या हिहोन शहरात झाला, तोही अल्जीरियाचे सगळे सामने संपल्यावर. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली, तर दोघेही पुढे जातात आणि अल्जीरिया बाहेर पडतो, हे दोघांना ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि मग उरलेला सारा वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. नियम कोणताच मोडला नव्हता, म्हणून निकाल कायम राहिला. तेव्हापासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत आली.

२०२६ साठी आधी तीन-तीन संघांचे १६ गट करण्याचे घाटत होते. तसे झाले असते, तर प्रत्येक गटात शेवटच्या सामन्याच्या वेळी एक संघ हात बांधून बसला असता आणि हिहोनची पुनरावृत्ती ठरलेली होती. २०२३ मध्ये तो बेत सोडून चार संघांचे १२ गट करायचे ठरले, हे बरेच झाले. पण प्रत्येक गटातले पहिले दोन मिळून २४ च संघ होतात आणि बाद फेरीला ३२ लागतात, म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या १२ संघांपैकी सर्वोत्तम ८ संघही पुढे घ्यावे लागतात. हे गट एकाच दिवशी संपत नाहीत. ज्यांचा गट आधी संपतो, त्यांना आपले तीन-चार गुण पुरतील की नाही, याची वाट पाहत हॉटेलात बसावे लागते. ज्यांचा गट शेवटी आहे, त्यांना मात्र किती गुण आणि किती गोल लागतील, हे मैदानात उतरण्यापूर्वीच कळलेले असते.